भाग २७ : बावीस मिनिटं उशीर

हा आपल्या सत्ताविसाव्या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना जे 'अं... म्हणजे...' येतं ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.

मागच्या भागात मी बोलता बोलता म्हणून गेलो की माझी पहिली दोनशे किलोमीटरची सायकल राईड 'झाली, पण झाली नाही'. त्यावर इतक्या जणांनी विचारलं, की म्हटलं आता पूर्ण भागच करू. पण हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, माझ्या गुडघ्यांचा नाही. त्यामुळे राईड सांगता सांगता त्या राईडचा इतिहास सांगणार आहे. म्हणजे बघा, सायकलवर इतकं लांब जायचं, तेही घड्याळ लावून, हे खूळ मुळात आलं कुठून?

आधी नियम सांगतो. या प्रकाराला 'ब्रेव्हे' म्हणतात. फ्रेंच शब्द आहे, अर्थ साधारण प्रमाणपत्र. २०० किलोमीटर, साडेतेरा तास. ३०० ला वीस तास, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. एका हंगामात हे चारही केले की 'सुपर रँदोनर'. पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीस नसतं. मागे गाडी नाही, कोणी पाणी देणार नाही, पंक्चर झालं तर तुमचं तुम्ही काढायचं. हातात एक पुठ्ठ्याचं कार्ड असतं, त्यावर प्रत्येक कंट्रोल पॉइंटला शिक्का आणि वेळ. प्रत्येक कंट्रोल बंद व्हायची वेळ ठरलेली. हिशोब साधारण ताशी १५ किलोमीटरचा. शंभराव्या किलोमीटरचं कंट्रोल सहा तास चाळीस मिनिटांनी बंद. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे 'टाइमआउट' हा शब्द रोजचाच. फक्त इथे टाइमआउट मला होणार होता.

आमचा रूट होता छत्रपती संभाजीनगर, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, कन्नड, मग औट्रम घाट उतरून चाळीसगाव, तिथून धुळे रोडला थोडं पुढे जाऊन मागे. सप्टेंबरचा शेवटचा रविवार. परतीचा पाऊस. पहाटे सहाला सुटलो तेव्हा आभाळ गच्च होतं, पण थेंब नव्हता. निघताना पप्पा दारात उभे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पावसात सायकल चालवायला पैसे भरलेस?"

हा प्रश्न लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

दौलताबादचा रस्ता

देवगिरी किल्ल्याच्या दरवाज्यातून जुना रस्ता जातो, आपण सगळे तिथून शेकडो वेळा गेलोय. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली, ही गोष्ट शाळेत झालीय. पण त्या रस्त्याची गोष्ट शाळेत कोणी सांगत नाही. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी तुघलकाच्या दरबारात होता, आणि १३४२ च्या सुमारास तो दौलताबादला आला. दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांची वाट, दोन्ही बाजूंना झाडं, असं त्याने लिहून ठेवलंय. त्याहून भारी वर्णन आहे डाकेचं. घोड्यांची डाक वेगळी आणि पायी पळणाऱ्यांची वेगळी. पायी डाकेच्या चौक्या एका मैलात तीन. प्रत्येक चौकीत माणूस कंबर कसून तयार. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात काठी, काठीच्या टोकाला तांब्याच्या घंटा. घंटा ऐकू आली की पुढचा उठून उभा राहायचा आणि पत्र घेऊन पळत सुटायचा. ही पायी डाक घोड्यांपेक्षा जलद होती असं तो म्हणतो. सुलतानाला प्यायला गंगेचं पाणीसुद्धा असंच दौलताबादपर्यंत यायचं.

म्हणजे लांब पल्ला, ठरलेले टप्पे आणि घाई, या तिन्ही गोष्टी या रस्त्याला नवीन नाहीत. फरक एवढाच, की तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला एक तृतीयांश मैल यायचा. ब्रेव्हेमध्ये सगळ्या चौक्यांचा हरकारा एकटा तूच.

खुलताबादचा घाट चढताना पहिलं पंक्चर झालं. ट्रकचे टायर फुटून त्यातल्या बारीक तारा रस्त्यावर पडतात ना, तसली एक तार. वीस मिनिटं गेली. तेव्हा वाटलं, वीस मिनिटांनी काय होतंय!

घड्याळ कोणी लावलं?

ही कल्पना एका वर्तमानपत्राची. १८९१ साली पॅरिसच्या 'ल पती जूर्नाल' या दैनिकाच्या पिएर जिफार नावाच्या पत्रकाराने ठरवलं की पॅरिसहून समुद्राकाठच्या ब्रेस्टला जायचं आणि परत यायचं. सुमारे १२०० किलोमीटर, एका दमात. लोकांना दाखवायचं होतं की सायकल हे खेळणं नाही, त्यावर खरंच कुठेही जाता येतं. तेव्हा हवा भरायचे टायर नवीनच आले होते. दोनशेहून जास्त लोक सुटले. शार्ल तेरों हा मिशलँचे टायर लावून निघाला होता. तिसऱ्या रात्री पुढचा गडी झोपलेला असताना हा न झोपता पुढे सटकला आणि ७१ तास २२ मिनिटांत पॅरिसला परत आला. त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण सुटलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोक शेवटपर्यंत पोचले. बाकीचे शंभरावर कुठे गेले? कोणी गावातल्या खाणावळीत झोपून राहिला असेल, कोणी ट्रेनने परतला असेल. त्यांच्या नावाचा इतिहास कोणी लिहीत बसलं नाही.

मग १८९७ साली इटलीत काही सायकलस्वार रोमहून नेपल्सला गेले. २३० किलोमीटर, सूर्योदय ते सूर्यास्त. त्यांना लोक 'धाडसी' म्हणायला लागले. लॅटिनमध्ये धाडसी म्हणजे ऑडॅक्स, तिथून तो शब्द चिकटला. १९०४ मध्ये आंरी देग्रांजने फ्रान्समध्ये त्याचे नियम बांधले. हा तोच, ज्याने आदल्या वर्षी टूर दि फ्रान्स सुरू केली होती. त्याच्या पद्धतीत सगळ्यांनी गटाने जायचं, पुढे एक कप्तान, वेग ठरलेला, कप्तानाच्या पुढे जायचं नाही.

खरी मजा १९२१ ची. 'ऑडॅक्स क्लब पारिझियां' या क्लबचं देग्रांजशी बिनसलं. त्याने त्यांची परवानगी काढून घेतली. यांनी काय केलं, तर स्वतःचा नवा प्रकार काढला, ज्यात प्रत्येकाने आपल्या वेगाने जायचं. कप्तान नाही, रांग नाही. फक्त कंट्रोल उघडायची आणि बंद व्हायची वेळ. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांची पहिली २०० किलोमीटरची राईड झाली. आज जगभर, आणि आपल्या गावातसुद्धा, जी ब्रेव्हे होते ती याच भांडणाची नात. मला ही गोष्ट फार आवडते. वरिष्ठाशी भांडण झालं म्हणून निघालेलं व्हर्जन मूळ प्रॉडक्टपेक्षा जास्त चालावं, हे आमच्या धंद्यातही होतं.

पण यात एक गोम आहे. कप्तान गेला आणि त्याच्या जागी घड्याळ आलं. कप्तानाला निदान दिसतं की पाऊस पडतोय.

घाट

कन्नडला सव्वानऊला पहिला शिक्का पडला. पुढे औट्रम घाट. जेम्स औट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावाचा. मराठवाड्याचं पठार तिथे संपतं आणि खाली खानदेश. वरून बघितलं तर खाली नुसतं धुकं. उतारावर ब्रेक दाबला तर पहिले दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, कारण रिम ओली. मग वाळूचा करकर आवाज, मग पकड. कोपऱ्यावरून मालवाहू गाड्या येत होत्या, त्यांचे दिवे आधी दिसायचे आणि गाडी नंतर. मी चालत येणाऱ्या माणसाच्या वेगाने उतरलो. जोरात उतरलो असतो तर पाच-सात मिनिटं वाचली असती. ती मिनिटं मी आजही परत मागणार नाही.

शंभर किलोमीटरला १२ वाजून ५ मिनिटं. कंट्रोल १२.४० ला बंद. दोन केळी, मीठ-लिंबू घातलेलं पाणी, आणि परत. आता तोच घाट चढायचा होता, आणि आता पाऊस खरा सुरू झाला. रस्त्यावरून पाणी लोटत येत होतं. अर्धा घाट मी सायकल हातात धरून चढलो. शूजमध्ये पाणी, चष्म्यावर पाणी, आणि मांड्या घासून घासून सोलल्या होत्या. (हे कोणत्याच रीलमध्ये दाखवत नाहीत.)

चालता चालता मला मुंबईचे सहा पारशी आठवत होते.

१५ ऑक्टोबर १९२३ ला बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबची सहा तरुण मुलं सायकलवर जगप्रवासाला निघाली. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला, नरिमन कापडिया. पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश करत १८ मार्च १९२८ ला मुंबईत परत. सुमारे ४४ हजार मैल, म्हणजे साधारण ७१ हजार किलोमीटर. गिअर नाहीत, जीपीएस नाही. नंतर त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे.

मी इंजिनीअर, मी भागाकार करतो. १६१६ दिवस. थांबे, आजारपण, जहाजातले दिवस सगळं धरून रोजचे सरासरी ४४ किलोमीटर. आता बगदाद ते अलेप्पोचं वाळवंट बघा. ९५६ किलोमीटर, २३ दिवस. रोजचे साधारण ४२. म्हणजे वाळूतसुद्धा त्यांनी सरासरी फार पडू दिली नाही. वेगाने नाही गेले ते, जात राहिले.

पण सहा निघाले आणि तीन परत आले. म्हणजे मुंबईत सायकलवर परत आले. कापडिया तेहरानहून घरी परतला. हाथीराम अमेरिकेत राहिला. पोचखानवालाही पुढे गेला नाही. वर्तमानपत्रात फोटो येतो तो हकीम, बापासोला आणि भूमगरा यांचा. पण मला घाटात राहून राहून कापडियाबद्दल वाटत होतं. मुंबई ते तेहरान सायकलवर! आज कोणी एवढं केलं तर आपण त्याला शाल-श्रीफळ देऊ. आणि इतिहासात त्याची नोंद काय, तर 'परत फिरलेला'.

वीज

कन्नडला परत आलो ३.०५ ला. कंट्रोल ३.२० ला बंद होणार होतं. शिक्का मिळाला. आता ६० किलोमीटर आणि हातात चार तास पंचवीस मिनिटं. मी मनातल्या मनात पार्टी करून टाकली होती.

गल्ले बोरगावच्या आसपास आभाळ काळंनिळं झालं. पहिली वीज चमकली आणि तीन-चार सेकंदात गडगडाट. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे वीज किलोमीटरभर लांब. दोन्ही बाजूंना मका आणि कपाशी, आणि त्या सपाट रानात सगळ्यात उंच वस्तू मी. झाडाखाली थांबायचं नाही एवढं माहीत होतं. एक स्लॅबचं दुकान दिसलं, त्याच्या आत शिरलो. दुकानदार काकांनी पोत्यावर बसायला जागा दिली. पंधरा मिनिटांनी पाऊस थोडा कमी झाला तसा मी हेल्मेट उचललं.

काका म्हणाले, "कुठं निघालास? बस गपचूप. वीज काय तुझं टाइमटेबल बघून पडती का?"

शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, हा नियम मला माहीत होता. ऑफिसच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये त्यावर बरोबर टिक केलं होतं. आणि तरी मी निघालो होतो, कारण कार्डवर ७.३० लिहिलेलं होतं. तुम्हाला सांगतो, त्या दिवसातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट वीज नव्हती. एका पुठ्ठ्याच्या कार्डासाठी मी विजेत निघालो होतो, ही होती.

मी बसलो. पंचावन्न मिनिटं. काकांनी चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. बाहेर आलो तर मागचं चाक खाली. सकाळी घाईत लावलेली ट्यूब. ओल्या हातांनी अजून पंचवीस मिनिटं. पावणेसहा वाजले. ४० किलोमीटर, एक तास पंचेचाळीस मिनिटं, मध्ये वेरूळचा चढ. ताशी जवळजवळ २३ चा वेग लागणार होता. ताज्या पायांनी, कोरड्या रस्त्यावर जमलंही असतं.

वेरूळच्या चढावर अंधार पडला तेव्हा मला कळून चुकलं की आता नाही जमत. तिथे उतरून कोणाला तरी फोन करता आला असता. का नाही केला? खरं उत्तर हे की काहीतरी ठरवण्याइतकं डोकंच चालत नव्हतं. पाय फिरत होते म्हणून मी जात होतो. किल्ल्याच्या दरवाज्यातून जाताना माझ्या लाईटचा गोल दगडांवर पडला आणि पुढे सरकला, एवढं आठवतं.

शेवटच्या कंट्रोलला एक स्वयंसेवक दादा रिफ्लेक्टर जॅकेट घालून उभे होते. बाकी सगळे गेले होते. ते माझ्यासाठी थांबले होते. त्यांनी टॉर्च धरला, माझ्या हातात पेन दिलं, म्हणाले, "वेळ तूच लिही." मी लिहिलं, १९.५२. बावीस मिनिटं उशीर. क्षणभर मनात आलं की म्हणावं, ती विजेची पंचावन्न मिनिटं वजा करा ना. बोललो नाही. अख्खा खेळ विश्वासावर चालतो. रस्त्यात कोणी बघत नसतं, फक्त तुमचं कार्ड बोलतं.

शिल्लक

घरी आल्यावर दोन दिवस मी आकडे वाचत बसलो. काही सापडले ते सांगतो.

१९३१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला ऑस्ट्रेलियाच्या ह्युबर्ट ऑपरमनने वाईट हवेत ४९ तास २३ मिनिटांत बाजी मारली. त्याच वर्षी पहिल्यांदा तुमच्या-आमच्यासारख्या हौशी लोकांसाठी वेळेची मर्यादा घालून वेगळा गट सुरू झाला. आज ती मर्यादा ९० तास आहे. २००७ साली तिथे असा पाऊस लागला की पाच हजारांहून अधिक सुटले आणि साधारण ३० टक्के लोकांना पूर्ण करता आलं नाही. सगळे जण पात्रतेच्या ब्रेव्हे करून आलेले, तयारीचे लोक.

आपल्याकडचं बघा. नाशिकचे डॉक्टर भाऊ, हितेंद्र आणि महेंद्र महाजन, यांनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमने रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. सुमारे ४८०० किलोमीटर, मर्यादा नऊ दिवस, यांना लागले ८ दिवस १४ तास ५५ मिनिटं. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. मर्यादा १२ दिवस, लागले ११ दिवस १८ तास ४५ मिनिटं. आणि त्यांच्या पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ, ११ दिवस २१ तास ११ मिनिटं.

वजाबाकी करा. समर्थांकडे शिल्लक उरले तीन तासांपेक्षा कमी. अख्खी अमेरिका ओलांडून! एक मोठं वादळ, एक लांबलेली झोप, आणि हा इतिहास वेगळा लिहिला गेला असता. आणि गोकुलनाथ? ते २०१६ मध्येही गेले होते. तेव्हा त्यांना शर्यत अर्धवट सोडावी लागली होती. २०१७ चा माणूस तोच आहे, जो २०१६ ला थांबला होता.

मी हे स्वतःला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. मर्यादा हवीच, नाहीतर हा खेळच उरणार नाही. उशीर तो उशीरच. फक्त आता पूर्ण करणाऱ्यांची यादी बघितली की मला तिच्याखालची न छापलेली यादी पण दिसते.

बरं, आता पप्पांचा प्रश्न. पप्पांनी चिकलठाणा एमआयडीसीत बावीस वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी सायकलवर. नऊ किलोमीटर जायचं, नऊ यायचं, तिन्ही पाळ्या, सगळे पावसाळे. मी त्यांना ब्रेव्हेचं कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा लावून एकेक वेळ वाचली. मग म्हणाले, "आमचं पंचिंग कार्ड असंच होतं. पाच मिनिटं उशीर झाला की लेट मार्क. तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापायचे. पाऊस होता म्हणून सांगितलेलं गेटवर चालायचं नाही."

मी विचारलं, "मग विजा पडत असल्या तर थांबायचा का कुठे?"

ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कसं थांबणार?"

मी बीटेक केलं, लॅपटॉपवर काम करतो, माझ्या गेटला भोंगा नाही. मी काकांच्या दुकानात पंचावन्न मिनिटं बसू शकलो, कारण माझ्या उशिराची किंमत फक्त एक शिक्का होती. पप्पांनी चालवलेल्या किलोमीटरची नोंद कुठल्याच क्लबकडे नाही. मी भागाकार करतो म्हणालो ना, तसा गुणाकारही केला. रोजचे अठरा, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एका वर्षाचे ५४०० किलोमीटर होतात. वर्षे किती धरायची हे विचारलं तर म्हणाले, "मोजली नाहीत."

तर अशी ती राईड. झाली, पण झाली नाही. पुढची दोनशे डिसेंबरमध्ये आहे, थंडीत, पैठण रोडला. नाव नोंदवलंय. पप्पांनी या वेळी पैशांबद्दल विचारलं नाही. त्यांनी मागच्या चाकाची हवा अंगठ्याने दाबून बघितली आणि म्हणाले, ट्यूब दोन घे.

तुमच्या घरात कोणी असं बिनशिक्क्याचं सायकल चालवलंय का? शाळेसाठी, दुधासाठी, कंपनीसाठी? त्यांना विचारा रोज किती किलोमीटर जायचे, आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढचा एक भाग त्यावरच करू. तोपर्यंत, गडगडत असेल तर आत बसा. भेटू.